चर्चिलला जायचं तर आधी महिना ठरवा

दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की मला एखादा तरी फोन येतो. "ताई, तुम्ही विनिपेगला असता ना? आम्ही टोरांटोहून येतोय. चार दिवस सुट्टी आहे, ते पांढऱ्या अस्वलांचं गाव करून येऊ म्हणतो. तुमच्याकडून गाडीने किती तास?"

तास सांगता येत नाहीत, कारण तिथे गाडी जातच नाही. चर्चिल हे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी, जवळजवळ ५९ अंश उत्तरेला वसलेलं गाव. २०२१च्या जनगणनेत तिथे ८७० माणसं भरली. गावात रस्ते आहेत, गावाबाहेर थोडे जातात आणि मग टुंड्रात संपतात. बाहेरून यायचं तर आगगाडी किंवा विमान.

माझं माहेर ओतूरचं, जुन्नर तालुक्यातलं. विनिपेग ही याच मॅनिटोबाची राजधानी, तिथे मला सतरा वर्षं झाली. चर्चिलला तीनदा जाऊन आले. एकदा नोव्हेंबरात एकटी, एकदा जुलैअखेरीस आईला घेऊन, आणि एकदा जूनमध्ये निव्वळ पक्ष्यांच्या नादाने. पहिली फेरी निम्मीअधिक वाया घालवली. अस्वलं पाहिली, फोटो काढले, परत आले. गाव पाहिलंच नाही. ते कसं पाहायचं हे पुढच्या दोन फेऱ्यांत कळलं, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते ते एकदा सलग लिहून काढते.

महिना

तिकिटाआधी महिना ठरवा. महिना ठरला की प्राणी ठरतो, आणि काय दिसणार नाही तेही ठरतं.

अस्वलांचा हंगाम मध्य-ऑक्टोबर ते मध्य-नोव्हेंबर. त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे तारखा पाठ कराव्या लागणार नाहीत. ध्रुवीय अस्वल सील हा समुद्री प्राणी खातं, आणि सील पकडायला त्याला समुद्रावर बर्फ लागतो. उपसागराचा बर्फ जुलैत वितळला की अस्वलं नाइलाजाने किनाऱ्यावर येतात आणि पुढचे चार-पाच महिने जवळजवळ उपाशी काढतात. चर्चिल नदी इथेच समुद्राला मिळते. गोडं पाणी खाऱ्याच्या आधी गोठतं, म्हणून या बाजूचा किनारा लवकर बर्फ धरतो. अस्वलांना हे पक्कं ठाऊक असतं. ती इथे येऊन वाट बघत बसतात. एकदा बर्फ धरला की दोन-चार दिवसांत सगळी निघून जातात. "नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वस्त मिळतंय" असं कुणी म्हणालं तर स्वस्त का मिळतंय ते ओळखा.

जुलै-ऑगस्ट हे बेलुगा देवमाशांचे महिने. नदीच्या मुखाशी तीनेक हजार बेलुगा येतात. नदीपलीकडचा जुना किल्ला याच दिवसांत पाहता येतो, रानफुलं असतात आणि किनाऱ्यावर एखादं अस्वलही दिसून जातं. मेअखेर ते मध्य-जून पक्ष्यांसाठी. फेब्रुवारी-मार्च उत्तर-प्रकाशासाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या ऑरोरासाठी, आकाश तेव्हा स्वच्छ असतं आणि थंडी अशी की पापण्या चिकटतात. या हिवाळी मोसमात मी गेलेले नाही, जाणारही नाही. तो उजेड ऑगस्टअखेरीसही दिसतो, तेवढ्यावर माझं भागतं.

एकदाच जाणार असाल तर माझं मत विचारा, जुलैचा शेवटचा आठवडा. नोव्हेंबरातली पॅकेजं काही हजार डॉलरची असतात, वर्षभर आधी भरतात, आणि त्या गर्दीत गावाशी ओळख होतच नाही.

जाणं

विमान विनिपेगहून दोन-अडीच तासांत पोचवतं. पैसे असतील तर जाताना आगगाडी, येताना विमान, असं करा. गाडी आठवड्यातून दोनदा सुटते आणि साधारण १७०० किलोमीटर जायला वेळापत्रकानुसारच दोन रात्री घेते. वेळापत्रकावर विसंबू नका. मालगाडीला वाट द्यायला ती कुठेही उभी राहते. पोचण्याच्या दिवशीच पुढचं काही ठरवलं असेल तर ते बुडालं समजा. घाई असेल तर विनिपेगहून थॉम्पसनपर्यंत मोटारीने जाऊन तिथे गाडी पकडता येते.

डब्यात शिदोरी हवीच. आईने भाजणी, मेतकूट, तिखटामिठाच्या पुऱ्या आणि डिंकाचे लाडू असं चार दिवसांचं बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या डब्याला लाडू पोचले होते.

गाडीत झोपून काढू नका, विशेषतः दुसरी रात्र उलटल्यावर. खिडकीतून जमीन बदलताना दिसते. आधी दाट झाडी, मग अंगठ्याएवढ्या बारीक खोडाचे स्प्रूस, मग झाडांमध्ये अंतर, मग दलदल आणि तळी. रुळांच्या बाजूला जुने तारेचे खांब तीन-तीन लाकडांची तिवई करून उभे केलेले दिसतील. इथली जमीन खाली कायम गोठलेली असते. वरचा थर उन्हाळ्यात सैल होतो आणि हिवाळ्यात फुगतो. पुरलेला एकटा खांब ती हळूहळू वर ढकलून बाहेर काढते. तिवई मातीत पुरायची गरजच नाही, ती नुसती उभी राहते. गाडी इतकी सावकाश का चालते याचं उत्तरही त्याच मातीत आहे.

हा लोहमार्ग १९२९मध्ये पुरा झाला आणि १९३१मध्ये बंदर सुरू झालं. प्रेअरीतला गहू युरोपला जवळच्या वाटेने जावा म्हणून हा खटाटोप. गावात कुठेही उभे राहा, धान्याचं ते अगडबंब कोठार दिसतंच. वाट चुकलात तर त्याच्याकडे तोंड करून चालू लागा. मे २०१७मध्ये पुराने रूळ जागोजाग वाहून गेले. प्रवासी गाडी परत यायला २०१८चं वर्ष संपत आलं. दीड वर्ष दूध-भाजीपासून सगळं विमानाने आलं. किराणा दुकानात किंमत पाहून भुवया उंचावण्याआधी हे लक्षात असू द्या.

पहिला दिवस गावाचा

उतरल्या उतरल्या अस्वलांच्या मागे लागू नका. स्टेशनाच्या इमारतीतच राष्ट्रीय उद्यान खात्याचं छोटं प्रदर्शन आहे. ते पाहा, आणि आज कुठे जाता येईल, भरती-ओहोटी कधी आहे, हे तिथल्या माणसांना विचारा. मग इत्सानितॅक संग्रहालय. १९४४पासून कॅथलिक मिशनने जमवलेल्या, आर्क्टिकमधल्या इन्युइट या मूळ रहिवाशांच्या वस्तू एका मोठ्या खोलीत मांडल्या आहेत. कायाक, हत्यारं, आणि दगडावर, हाडावर, वॉलरसच्या दातावर कोरलेली बोटभर उंचीची माणसं. एका शिल्पात शिकारी सीलच्या श्वासाच्या भोकापाशी वाकून उभा आहे, बस्स, एवढंच. पहिल्या फेरीत मी इथे दहा मिनिटं होते. दुसऱ्या वेळी आईला बाहेर काढायला दोन तास लागले.

या नदीच्या पलीकडच्या काठावर तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. इथले मूळ रहिवासी क्री लोक नदीला मिसिनिपी म्हणतात, म्हणजे मोठं पाणी. युरोपीय इथे पहिल्यांदा हिवाळा काढायला राहिले ते १६१९मध्ये. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला येन्स मुंक दोन जहाजं आणि साठांहून अधिक माणसं घेऊन चीनकडे जायची वाट शोधत आला आणि नदीच्या मुखात अडकला. उन्हाळा उजाडेपर्यंत तो धरून तीन माणसं उरली होती. त्या तिघांनी लहान जहाज पाण्यात ढकललं आणि १६२०च्या सप्टेंबरात नॉर्वेचा किनारा गाठला. बाकीचे स्कर्व्हीने गेले हे नेहमीचं उत्तर. अर्धवट शिजवलेल्या अस्वलाच्या मांसातल्या जंतांनीही घात केला असावा, असा एक तर्क आहे. मला तो पटतो.

गावाला नाव मिळालं ते हडसन बे कंपनी या फरचा व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीच्या एका जुन्या गव्हर्नरचं, जॉन चर्चिल याचं. तोच पुढे मार्लबरोचा ड्यूक झाला. कंपनीने १७१७मध्ये इथे ठाणं घातलं. पण हे ठाणं ज्या बाईमुळे शक्य झालं तिचं नाव आधी शिका: थानाडेल्थुर. डेने या इथल्याच दुसऱ्या मूळ जमातीची ही तरुणी क्री लोकांच्या कैदेतून निसटली, दक्षिणेकडच्या यॉर्क फॅक्टरी या ठाण्यावर पोचली, आणि कंपनीच्या माणसाला आणि क्री टोळीला घेऊन परत आपल्या लोकांकडे गेली. दोन वैऱ्यांना तिने बोलून बोलून एकत्र बसवलं. चर्चिलचं ठाणं उभं राहण्याच्या काही महिने आधी, ५ फेब्रुवारी १७१७ रोजी, आजारपणात ती गेली.

आणखी एक जागा आहे, तिथे कॅमेरा पिशवीत ठेवा. १९५६मध्ये सरकारने सायिसी डेने लोकांना लिटल डक लेकवरून विमानाने उचलून चर्चिलमध्ये आणून टाकलं. ते कॅरिबू हरणांचे कळप मारून खातात म्हणून हरणं कमी होताहेत, असा अधिकाऱ्यांचा समज होता. इथे ना हरणं, ना नीट घरं, ना काम. थंडी, आगी, दारू, मारामाऱ्या. जवळजवळ एकतृतीयांश माणसं दगावली. उरलेल्यांनी १९७३मध्ये स्वतःच गाठोडी बांधली आणि टाडूल लेकला जाऊन नवं गाव वसवलं. केंद्र सरकारने माफी मागितली ती २०१६मध्ये. त्यांच्या वस्तीच्या जागी गावाबाहेर स्मारक आहे. धरणात गाव गेलेली माणसं जुन्नर-आंबेगावात आम्ही पाहिलेली आहेत. आई तिथे काही बोलली नाही, चप्पल काढून उभी राहिली.

किल्ला

शिवनेरी बघत वाढलेल्या माणसाला प्रिन्स ऑफ वेल्स फोर्ट पहिल्या नजरेत बसका वाटतो. सपाट खडकावर दगडी चांदणी. कडा नाही, चढ नाही. पण भिंत पायथ्याशी दहा मीटरहून जाड आणि तोफा चाळीस. बांधकाम १७३१मध्ये सुरू झालं आणि पुढची चाळीस वर्षं रेंगाळत चाललं, कारण वर्षातले तीन-चार महिनेच चुना धरायचा.

आणि मग १७८२च्या ऑगस्टात फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ तीन जहाजं घेऊन आला, आणि एकही गोळी न झाडता किल्ला पडला. गव्हर्नर सॅम्युएल हर्नकडे चाळीसही माणसं नव्हती, आणि होती ती व्यापारी कारकून आणि गवंडी. त्याने पांढरं निशाण दाखवलं. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याकडे मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला होता. तोफा चाळीस असून त्या डागायला माणसं नाहीत ही गोष्ट मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको.

हर्नला भित्रा म्हणू नका. हाच माणूस १७७० ते ७२ या काळात मातोनाब्बी या डेने म्होरक्याच्या मागे चालत थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत जाऊन आला होता. किल्ला पडल्याचं कळल्यावर मातोनाब्बीने गळफास घेतला.

किल्ला नदीच्या पलीकडे आहे. बोटीशिवाय जाता येत नाही, आणि बोट भरतीच्या वेळेवर. बोट आणि माहितगार दोन्ही एकाच सहलीत मिळतात. सोबत बंदूकधारी पहारेकरी असतो. आदल्या दिवशी नाव घाला आणि वारा सुटला तर रद्द होईल हे धरून एक दिवस हाताशी ठेवा. तटावर चढलात की खगोलशास्त्राची आवड असणाऱ्यांनी एक आठवण काढावी. ३ जून १७६९ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना विल्यम वेल्सने इथूनच पाहिला. त्यासाठी तो आदल्या वर्षीच येऊन सबंध हिवाळा किल्ल्यात राहिला होता.

जमलं तर तिथून पुढे स्लूप कोव्हला जा. माझ्या मते चर्चिलमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, आणि तिथे दिसण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. खडकात रुतवलेली लोखंडी कडी आहेत, आणि खडकावर हर्नने स्वतःच्या हाताने कोरलेलं नाव, तारीख १ जुलै १७६७. कंपनीची गलबतं हिवाळ्यात या खाचेत आणून त्या कड्यांना बांधत. आता तिथे गवत आणि डबकं आहे. समुद्र मागे गेला असं वाटतं, पण वर आली आहे ती जमीन. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेला हा सगळा भाग हजारो वर्षांनंतरही अजून उचलला जातोय, शंभर वर्षांत साधारण एक मीटर. हर्नच्या दिवसांपासून माणसाच्या दीडपट उंची झाली. गादीवरून उठल्यावर गादी सावकाश फुगते तसं, असं मी आईला सांगितलं. "आपल्या कापसाच्या गादीचं नाव घेऊ नकोस," ती म्हणाली, "ती कधी फुगली?"

किल्ल्याला जाता आलं नाही तर गावाकडच्या काठावर केप मेरी आहे. तिथे तोफेचा जुना मोर्चा आहे आणि समोर किल्ला दिसतो. खडकांवर नारिंगी-शेंदरी थर दिसेल, तो रंग कुणी फासलेला नाही. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा तो भाऊबंद. अशा एका हातभर ठिगळाला वाढायला माणसाचं सबंध आयुष्य पुरत नाही, त्यामुळे बूट बघून टाका.

बेलुगा

हे सगळ्यात सोपं. खर्च करायचा नसेल तर भरतीच्या वेळी केप मेरीला जाऊन बसा. नदीत पांढऱ्या लाटा फुटताना दिसतील, आणि मग लक्षात येईल की वारा तर नाहीये. त्या पाठी आहेत. उपसागराच्या या पश्चिम बाजूला पन्नास हजारांहून अधिक बेलुगा आहेत. त्यातले काही हजार इथे पिल्लं घेऊन येतात. पाणी उथळ आणि जरा कोमट, खायला कॅपलिन मासळी भरपूर, आणि तळाच्या गोट्यांवर अंग घासून जुनी कातडी काढून टाकता येते.

बोटीत बसलात तर पाण्यात सोडायचा मायक्रोफोन आहे का ते आधी विचारा. नसेल तर दुसरी बोट बघा. शिट्ट्या, करकर, कोंबडीच्या खुराड्यात हात घातल्यासारखा कालवा. जुने खलाशी यांना समुद्रातले कॅनरी म्हणत. यांच्या मानेचे मणके सांधलेले नसतात, त्यामुळे बेलुगा मान वळवून तुमच्याकडे बघू शकतो, आणि बघतोच. राखाडी दिसतात ती पिल्लं. पांढरं व्हायला काही वर्षं लागतात. बोटीच्या मागे-मागे येतात, तुम्ही त्यांच्या मागे जायचं नाही. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हशी डुंबायला आल्यात गं. कुणीतरी चुना फासून सोडल्यात."

अस्वलाच्या गावात वागायचं कसं

पहिल्या फेरीत, नोव्हेंबरात, पोचल्याच्या दुपारी मी टाउन सेंटरमागच्या किनाऱ्याकडे निघाले. टाउन सेंटर म्हणजे एकाच लांबलचक छपराखाली शाळा, दवाखाना, वाचनालय, मुलांची खेळायची जागा, असं सगळं. हिवाळ्यात बाहेर पडावं लागू नये म्हणून. मागे खडक आणि पलीकडे समुद्र. पाटी होती, अस्वलाचं चित्र होतं, मी पाहिलंही. दिवसाढवळ्या दोन मिनिटांत काय होतंय, असं म्हणून खडकाला वळसा घालायला लागले. मागून पिकअप आली, काच खाली झाली. चालवणाऱ्या बाईने एवढंच म्हटलं, "बस आत." पन्नास पावलांवर खडकाआड अस्वल झोपलेलं होतं. ती शांतपणे मला हॉटेलपर्यंत सोडून गेली. जाता जाता म्हणाली, "तू पांढरा रंग शोधत होतीस. ती पिवळसर असतात."

ओतूरला आमच्या उसात बिबट्या राहतो. रात्री पाणी धरायला जाताना मोबाइलवर गाणी लावून जायचं, पोरांना अंधारात परसाकडे एकटं पाठवायचं नाही, वाकून बसायचं नाही, हे मला शिकवावं लागलं नव्हतं. तरी परक्या गावात गेल्यावर मी पाटीला फोटोची जागा समजले. म्हणून सांगते, नियम हे असे. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही. किनाऱ्याच्या खडकांत कधीच नाही. कोपऱ्यावरून वळण्याआधी थांबून पलीकडे बघायचं. खिशात खाऊ ठेवून भटकायचं नाही. माझ्या खिशात त्या दिवशी शेंगदाण्याची चिक्की होती. रात्री दहाला भोंगा वाजतो, तो घरात शिरण्याचा इशारा. अस्वल दिसलंच तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे-मागे सरकत जवळच्या दारात किंवा मोटारीत शिरायचं. गावात मोटारी कुलूप न लावता उभ्या करतात त्या यासाठीच.

गावात घुसणारं अस्वल वनखात्याची माणसं आधी फटाक्यांनी हाकलतात. ऐकलं नाही तर पिंजऱ्यात घालून कोठडीत नेतात. विमानतळाजवळ जुन्या लष्करी गोदामात हा अस्वलांचा तुरुंग १९८२पासून चालतो, आत २८ खोल्या. मला हे ऐकताच माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आठवलं. फरक एक. माणिकडोहला बिबट्यांना वेळेवर खायला मिळतं, इथे अस्वलाला पाणी आणि बर्फ सोडून काही देत नाहीत. ऐकायला क्रूर वाटतं. पण या मोसमात ते उपाशीच असतं, आणि माणसाच्या वस्तीत खायला मिळतं हे एकदा शिकलं तर ते मरेस्तोवर येत राहील. काही आठवड्यांनी भूल देऊन, जाळीत घालून, हेलिकॉप्टरखाली लटकवून उत्तरेला सोडून येतात. तुरुंग आतून दाखवत नाहीत. विचारून वेळ घालवू नका.

अस्वलं नीट पाहायची तर मोठ्या चाकांच्या टुंड्रा बग्गीतून. मागच्या उघड्या सज्जावर उभे राहा, बोलू नका, टाळ्या वाजवू नका. नर एकमेकांसमोर दोन पायांवर उभे राहून कुस्ती खेळतात. ती खरी भांडणं नसतात, वेळ घालवणं असतं. पंजा, नाक, कान बघा. त्याचे केस रंगहीन आणि पोकळ असतात, खालची कातडी काळी असते. आणि किती हाडं दिसताहेत तेही बघा. या भागात १९८७मध्ये सुमारे १२०० अस्वलं होती. २०२१च्या मोजणीत ६१८. बर्फाविना जाणारे दिवस १९८०च्या दशकापेक्षा साधारण तीन आठवड्यांनी वाढले आहेत, आणि उपवास तेवढाच लांबला आहे. बग्गीतला वाटाड्या हे स्वतःहून सांगेलच असं नाही. विचारा.

पक्षी, थोडक्यात

जूनमध्ये जायला वेडच लागतं. तळ्यांवर अजून बर्फ, आणि डास यायला दोन आठवडे बाकी, हाच मोका. २७०हून अधिक जातींची इथे नोंद आहे. कोठाराजवळची डबकी आणि गूज क्रीकचा रस्ता, एवढं सकाळ-संध्याकाळ केलंत तरी पुष्कळ. टार्मिगन हा तित्तिरासारखा पक्षी तेव्हा अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी असतो, चुकीचं इस्त्री केलेल्या कपड्यासारखा. आर्क्टिक सुरय दक्षिण ध्रुवाकडून उडत आलेला असतो आणि घरट्याजवळ गेलात तर थेट डोक्यावर चोच मारतो. काठी डोक्यावर उभी धरा. तो सगळ्यात उंच टोकावर मारतो. झाडांकडेही बघा. वायव्येचा वारा बर्फाचे कण फेकून एका बाजूच्या फांद्या खरवडून टाकतो, म्हणून इथला स्प्रूस निशाणासारखा एकाच बाजूला फडकलेला दिसतो. होकायंत्र नसलं तरी दिशा कळते.

सामान

एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ लोकरीचे तीन थर आणि वर वारा अडवणारं जाकीट न्या. नोव्हेंबरात जाड पार्का आणि बूट सहलवाल्यांकडे भाड्याने मिळतात का ते विचारा. एका आठवड्यासाठी विकत घेणं मूर्खपणा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी. चष्मा असेल तर बग्गीत शिरताना थोडं आंधळं व्हायची तयारी ठेवा. जुलैत डोक्यावरून घ्यायची मच्छरदाणी विनिपेगहूनच घ्या. आईने पदर गुंडाळून भागेल म्हटलं होतं. गोमाशीने पदरावरून चावून दाखवलं.

गाव पायी पाहण्याजोगं नाही, म्हणून दोन-तीन दिवस पिकअप भाड्याने घ्या. आम्ही घेतली होती. गाडी परत करायच्या संध्याकाळी मी सवयीने चारही दारांना कुलूप लावून किल्ली मालकाच्या हातात दिली. त्याने किल्ली घेतली, बाहेर जाऊन कुलूप काढलं, आणि आत येऊन पावती लिहायला बसला.